मानेला हिसका, जबड्याला शिक्षा

‘सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.’ अपघाताच्या बातमीचा शेवट या वाक्याने झाला की वाचणारा सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पान उलटतो. आमच्या हातकणंगले तालुक्यात दिवाळीनंतर हे वाक्य वरचेवर वाचावयास मिळते. पणत्या विझतात न विझतात तोच इकडे साखर कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, पाहुण्यांच्या हस्ते पहिली मोळी गव्हाणीत पडते आणि हुपरीच्या ‘जवाहर’कडे, नरंद्याच्या ‘शरद’कडे उसाची रीघ लागते. बैलगाड्या असतात, आणि एका ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. रात्रीच्या वेळी अशी ट्रॉली म्हणजे रस्त्यावर हलणारा अंधाराचा ढीगच. मागे दिवा असला तर तो लोंबत्या वाढ्यांनी झाकलेला. पुढची गाडी ट्रॉली पाहून एकदम थांबते, मागची थांबत नाही. एक ‘धप्प’ असा आवाज, चार शिव्या, वाकलेला बंपर, आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य : सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

या वाक्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. त्याचे कारण सांगतो.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही चौघे नरसोबाच्या वाडीचे दर्शन घेऊन घरी परतत होतो. दादा गाडी चालवीत होता, मी त्याच्या शेजारी आणि मागे आई व वहिनी. इचलकरंजी फाट्यापाशी उसाची ट्रॉली पाहून दादाने गाडी थांबविली आणि मागून एक टेम्पो येऊन आदळला. वेग काही फार नव्हता. मी त्या क्षणी मागे वळून आईशी काही बोलत होतो. वहिनींच्या मांडीवरचा कवठाच्या बर्फीचा पुडा माझ्या पायाशी येऊन पडला, एवढेच काय ते ‘नुकसान’. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. पंचनामा झाला, चहा झाला, आम्ही घरी आलो. आईने सर्वांवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना उशीवरून मान उचलता येईना. माझीही मान धरली होती. पण माझ्या वाट्याचे खरे दुखणे अजून वाटेवर होते. ते यायला चार महिने लागले.

हे दुखणे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे. माणसाचे डोके साडेचार-पाच किलो वजनाचे असते. पाटीत ठेवून उचलले तर हात भरून येईल, असा हा ऐवज मानेच्या सात लहानशा मणक्यांवर तोललेला आहे. (जिराफाच्याही मानेत मणके सातच असतात, फक्त त्याला मोटारीत बसावे लागत नाही.) मागून धडक बसली की गाडीबरोबर सीट पुढे ढकलली जाते, सीटबरोबर पाठ पुढे जाते, आणि डोके मात्र क्षणभर जागच्या जागी राहते. मग मान त्याला ओढून आणते. हा सारा खेळ डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळात संपतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा बारकाईने अभ्यास करून १९९७ मध्ये दाखवून दिले की, पहिल्या एक दशांश सेकंदाच्या आतच मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वाकते. खालचे मणके मर्यादेपेक्षा जास्त मागे झुकतात आणि त्याच वेळी वरचे मणके पुढे दुमडतात. मानेचे स्नायू सावध होऊन ताठ होण्याच्या आत इजा होऊन गेलेली असते. ‘मी घट्ट बसलो होतो’ या म्हणण्याला म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही.

हॅरल्ड क्रो नावाचे डॉक्टर १९२८ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे या दुखापतीविषयी बोलताना ‘व्हिपलॅश’ हा शब्द वापरून गेले आणि तोच रूढ झाला. व्हिपलॅश म्हणजे आसुडाचा फटकारा. मराठीचा मास्तर म्हणून मला या शब्दाचे कौतुक वाटते. आसूड ओढताना मूठ थोडीच हलते, पण टोकाला मात्र ‘फट्’ असा आवाज निघतो. येथे मूठ म्हणजे आपले धड आणि टोक म्हणजे डोके. आपल्याकडे ‘हिसका’ हा शब्द आहे, ‘लचक’ आहे, ‘उसण’ आहे. पण हे शब्द आपण पाटा उचलताना भरलेल्या कळेला आणि वाकडे निजल्यामुळे अवघडलेल्या मानेला वापरून इतके घासून टाकले आहेत की, ‘मानेला हिसका बसला’ असे सांगितले तर ऐकणारा ‘थोडा बाम चोळा’ म्हणून मोकळा होतो.

वहिनींना घरात आणि घराबाहेर बामच सांगण्यात आला. एक्स-रे काढला. त्यात काही नव्हते. नसणारच, कारण एक्स-रे हाडे दाखवितो. मणक्यांमागच्या लहान सांध्यांची आवरणे, अस्थिबंध, स्नायू यांना बसलेला ताण त्यात दिसत नाही, आणि पुष्कळदा एम.आर.आय.मध्येही दिसत नाही. कॅनडातील क्वेबेक येथे तज्ज्ञांच्या एका मंडळाने १९९५ मध्ये या दुखापतीच्या पायऱ्या ठरविल्या. नुसते दुखणे ही पहिली, दुखण्याबरोबर मान आखडणे व दाबल्यास कळ येणे ही दुसरी, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, म्हणजे नसांवर परिणाम, ही तिसरी, आणि हाड मोडणे वा निखळणे ही चौथी. पहिल्या दोन पायऱ्यांवर यंत्राला सांगण्यासारखे काही नसते. जे आहे ते रोगीच सांगतो. आणि रोग्याचे ऐकावयाचे की नाही, हे तो रोगी घरात कोण आहे यावर ठरते, असे मी प्रत्यक्ष पाहिले.

काटवटीत पीठ मळताना, भाकरी थापताना मान खाली घालावी लागते. वहिनींना दहा मिनिटांत डोक्याच्या मागून कपाळापर्यंत कळ जाई. आई मनाने वाईट नाही, पण ती म्हणे, “आमच्या वेळी बैलगाडीतून कुरुंदवाडापर्यंत धक्के खात जात होतो. कोणाच्या माना दुखल्या नाहीत.” शेजारणी म्हणत, “फोटोत काही नाही म्हणतात ना?” ‘कामाचा कंटाळा’ हे शब्द स्पष्टपणे कोणी उच्चारले नाहीत, पण ते स्वयंपाकघरात फिरत होते.

हा अविश्वास शंभराहून अधिक वर्षे जुना आहे आणि त्याचा जन्म आगगाडीच्या डब्यात झाला. इंग्लंडमध्ये रेल्वे पसरली तसे अपघात होऊ लागले, आणि अंगावर एकही जखम नसलेले उतारू महिन्यांनंतर पाठ, मान, डोके दुखते, झोप येत नाही, अशा तक्रारी घेऊन कोर्टात जाऊ लागले. लंडनचे शल्यवैद्य जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये यावर पुस्तक लिहिले. लोक या विकाराला ‘रेल्वेचा कणा’ म्हणू लागले. कंपन्यांचे डॉक्टर म्हणत, हे पैशासाठी केलेले सोंग आहे. सुप्रसिद्ध कादंबरीकार चार्लस् डिकन्स ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्टच्या अपघातात सापडले. स्वतः न जखमी होता ते बाहेर आले, इतरांना पाणी पाजीत राहिले. आणि पुढे आगगाडीत बसल्यावर त्यांना कापरे भरू लागले. बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजी, ते वारले. कोल्हापूर–मिरज लोहमार्गाचे काम शाहू महाराजांच्या हस्ते १८८८ मध्ये सुरू झाले आणि १८९१ मध्ये गाडी धावू लागली. म्हणजे हातकणंगलेच्या माणसाने आगगाडीची शिटी आपल्या दारात ऐकली, त्याच्या पंचवीस वर्षे आधीच तिकडे ‘दुखते’ आणि ‘सोंग आहे’ हा वाद रंगात आला होता. तो अजून मिटलेला नाही.

आता माझ्या जबड्याकडे वळतो. पण त्याआधी वाचकांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. ताठ बसून शक्य तेवढे मोठे तोंड उघडा, जणू अख्खा बुंदीचा लाडू आत घालावयाचा आहे. डोके किंचित मागे गेले ना? आपण मानतो की तोंड उघडणे हे एकट्या जबड्याचे काम आहे. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठातील संशोधकांनी मोजून दाखविले की प्रत्येक वेळी तोंड उघडताना मानही हालचाल करते. दोघांची जोडी बैलजोडीसारखी एका जुवाला बांधलेली आहे. एक बैल लंगडला की दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे येते. शिवाय चेहऱ्याची आणि जबड्याची संवेदना नेणारी नस आणि मानेच्या वरच्या नसा मेंदूच्या मुळाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. तेथे एकीची तक्रार दुसरीच्या नावावर जमा होऊ शकते. मान बिघडली आणि कानशील ठणकले, असे त्यामुळे घडते.

माझे तसेच झाले. मेमध्ये, मान जवळजवळ बरी झाल्यावर, डाव्या कानापुढे तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येऊ लागला. मग जांभई देताना कळ. मग ज्वारीची भाकरी चावताना दम लागावा तसा जबडा थकू लागला. आमच्या भागात जन्मून दातांनी ऊस सोलता येऊ नये यापरते दुर्दैव नाही! त्या वर्षीच्या दिवाळीत चकल्या मी चहात बुडवून खाल्ल्या. आणि कॉलेजात अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास. तिसाव्या मिनिटाला शब्द जड होऊ लागत. ‘ज्ञानेश्वरी’ शिकविताना ‘ज्ञ’ उच्चारणे ही शिक्षा वाटू लागली. कानाच्या डॉक्टरांनी कान पाहिला. तो चांगला होता. दातांच्या डॉक्टरांनी दात पाहिले. तेही चांगले होते. शेवटी मिरजेस गेलो. मिरज ही आमच्याकडील दवाखान्यांची पंढरी. तेथील एका डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून मला तोंड उघडमीट करावयास लावले आणि विचारले, “सर, गेल्या वर्षभरात गाडीला मागून धडक बसली होती का?” मी थक्क झालो. जानेवारीतल्या त्या ‘धप्प’ आवाजाचा आणि कानशिलाचा संबंध माझ्या स्वप्नातही आला नव्हता.

हे उशिरा उगवणारे दुखणे डॉक्टरांना अनोळखी नाही. स्वीडनमध्येच सेल आणि इसबर्ग या दोघींनी मागून धडक बसून मान दुखावलेल्या साठ जणांना वर्षभर तपासले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या तपासणीनंतर वर्षभरात जबड्याच्या सांध्याचे नवे दुखणे किंवा बिघाड शेकडा ३४ जणांत उद्भवला. अपघात न झालेल्या लोकांत हेच प्रमाण शेकडा ७ होते. जबड्याचा सांधा हा विलक्षण सांधा आहे. तो बिजागरीसारखा फिरतो आणि ड्रॉवरसारखा पुढे सरकतोही. मध्ये कूर्चेची एक लहानशी चकती असते, ती जागची हलली की ‘कट्’ वाजते. धडकेच्या वेळी जबड्याला थेट हिसका बसतो, की मानेच्या पाठोपाठ तो नंतर बिघडतो, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. दुखणाऱ्याला मात्र दोन्ही सारखेच.

मानेचे काय? पुष्कळ माणसे काही आठवड्यांत बरी होतात. पण जगभरचे अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये तज्ज्ञांनी काढलेला अंदाज असा की, अशी इजा झालेल्यांपैकी निम्म्याजणांना वर्षानंतरही मानेची काही ना काही तक्रार असते. सुरुवातीला वेदना जितकी तीव्र, तितके दुखणे लांबण्याचा धोका अधिक.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे. लिथुआनिया देशात अशा दुखण्याबद्दल भरपाई मागण्याची चाल नव्हती. तेथे मागून धडक बसलेल्या २०२ मोटारचालकांना एक ते तीन वर्षांनंतर गाठले, तेव्हा त्यांच्या माना इतर लोकांपेक्षा अधिक दुखत असल्याचे आढळले नाही. हा अभ्यास १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि विमा कंपन्यांना हर्ष झाला. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताने १९९५ मध्ये ‘वेदना व यातना’ यांबद्दलची भरपाई बंद केली, तेव्हा दावे शेकडा २८ ने घटले. म्हणजे मन, अपेक्षा, कोर्टकचेरी यांचा दुखण्याशी संबंध आहे, हे नाकारता येत नाही. पण त्यावरून ‘सारे सोंग’ असे म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. वहिनींनी कोणत्या कोर्टात दावा लावला होता? त्यांना भरपाई कोण देणार होते, आई? मोटार वाहन कायद्याखालील न्यायाधिकरण आपल्याकडेही आहे. पण तेथे बोलते ती अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी, आणि स्वच्छ एक्स-रेला टक्केवारी कोठून मिळणार? सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० मध्ये एक फार शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे. डावा हात गेला तर सुताराची वा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ सारी बुडेल, सरकारी कारकुनाची कदाचित बुडणार नाही. म्हणून अवयवाची टक्केवारी वेगळी आणि कमाईचे नुकसान वेगळे. त्याच न्यायाने प्राध्यापकाच्या जबड्याचे मोल निघेलही. भाकरी थापणारीच्या मानेचे मोल काढावयास मात्र आमच्या घरात कोणी बसले नाही. माझा जबडा दुखू लागला तेव्हा ‘सरांना बोलता येत नाही’ म्हणून घर हवालदिल झाले, मिरजेची वारी झाली. आणि त्या वारीत केवळ सोबत म्हणून आलेल्या वहिनींकडे डॉक्टरीणबाईंनी पाहिले, म्हणून त्यांची मान प्रथमच कोणी नीट तपासली.

“बाई, तुम्हांला खरेच दुखते आहे,” एवढेच त्या प्रथम म्हणाल्या. वहिनी तेथेच रडू लागल्या. घरी येताना त्या मला म्हणाल्या, “भावजी, अर्धे दुखणे तिथेच उतरले बघा.”

उरलेल्या अर्ध्यावर वर्ष गेले. उपचारांत चमत्कार काही नव्हता. मानेचा पट्टा वहिनींनी दीड महिना बांधला होता. तो काढून टाकावयास सांगितला. हाड मोडलेले नसेल तर मान बांधून ठेवण्यापेक्षा लवकर, हळूहळू हलविणे चांगले, असे आता डॉक्टर मानतात. गल्लीतल्या तालमीचे वस्ताद मला हेच आपल्या भाषेत सांगत होते, “मास्तर, मान अशी खुंट्यागत धरून बसलासा तर तिचा खुंटाच हुनार की! जरा जरा फिरवा तिला.” मात्र वस्तादांचे येथवरच ऐकावे. मान धरून ‘काडकन्’ मोडणे, किंवा सलूनमध्ये दाढीनंतर न्हाव्याकडून मान मोडून घेणे, ही गोष्ट दुखावलेल्या मानेला कदापि करू देऊ नये. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या मानेच्या मणक्यांतून जातात. त्या झटक्याने फाटून अर्धांगवायू होऊ शकतो. धडकेनंतर हात-पाय लुळे वाटणे, मुंग्या, एकाची दोन दिसणे, बोबडी वळणे, वाढती गुंगी, मणक्यावर बोट ठेवताच जीवघेणी कळ, यांपैकी काहीही झाले तर घरी न थांबता इस्पितळ गाठावे.

जबड्यासाठी मला सांगितलेले नियम असे : ओठ मिटलेले पण दात सुटे, घास लहान, जांभई आली की हनुवटीखाली मूठ, काही आठवडे मऊ अन्न, गरम पाण्याचा शेक, आणि आरशापुढे उभे राहून जबडा सरळ रेषेत उघडण्याचा व्यायाम. आपलीच तीन बोटे उभी करून दातांत मावली, तर तोंड पुरेसे उघडते असे समजावे. माझी प्रारंभी दोनच मावत. दात घासून ‘चावा’ बदलण्याची किंवा शस्त्रक्रियेची घाई करू नये, कारण बहुतेक जबडे साध्या उपायांनी सुधारतात आणि घासलेला दात परत येत नाही. माझा जबडा आता पूर्ण तास पुरतो. ‘कट्’ आवाज राहिला आहे. त्याला कळ नसेल तर त्याच्यामागे लागू नये, असे बाई म्हणाल्या. ऊस मी सुरीने सोलून, गंडेऱ्या करून खातो.

वहिनींसाठी दादाने स्वयंपाकघरात छातीपर्यंत उंचीचा एक कट्टा बांधून घेतला. काटवट आता त्यावर असते; त्यामुळे मान खाली घालावी लागत नाही. आईनेच गवंड्याला उंची दाखविली.

राहिली गाडीची गोष्ट. सीटवर डोक्यामागे जी उशी असते, ती झोप काढण्यासाठी असते असा आपल्याकडे समज आहे. ती मानेच्या रक्षणासाठी आहे. अमेरिकेत १९६९ च्या १ जानेवारीपासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटना ती सक्तीची झाली. तिचा माथा आपल्या डोक्याच्या माथ्याइतका, निदान कानाच्या वरपर्यंत तरी यावा, आणि डोके व उशी यांत चार बोटांहून अधिक अंतर नसावे. उशी खाली मानेपाशी राहिली तर ती मानेला टेकू देण्याऐवजी डोक्याला तिच्यावरून मागे उलटू देते. बायकांना या इजेचा धोका पुरुषांपेक्षा अधिक असतो. तरीही धडकेच्या चाचण्यांत बसविले जाणारे पुतळे वर्षानुवर्षे पुरुषाच्या देहाचे होते. मागून बसणाऱ्या धडकेसाठी सर्वसाधारण बाईच्या बांध्याचा पुतळा स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने तयार केला तो २०२२ मध्ये. आमच्या गाडीला धडक बसली त्याच्या आदल्याच वर्षी!

यंदा हंगाम सुरू होण्याच्या आधी दादाने लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांचे एक मोठे भेंडोळे आणले आहे. ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यांना तो फाट्यावर थांबवितो आणि ट्रॉलीच्या मागे, वाढे लोंबणार नाहीत अशा बेताने, स्वतःच पट्टी चिकटवितो. वहिनी कात्रीने तुकडे कापून देतात.